डोक्यावर लाट असलेला न

कास्त्रोत जूनमध्ये पाचलाच अंधारतं.
भरती एलेउतेरिओ बार्रीआच्या जमिनीखाली येते,
घराच्या खांबांना थापट्या मारते,
आणि चुलीवरच्या किटलीचं झाकण तिला उत्तर देतं.

लॅपटॉप शाळेने भंगारात काढलेला.
एका बाजूची बिजागरी गेलेली, तिथे त्याने
तांब्याची तार पिळून बसवली.
एकतीस वर्षं चाकाओच्या फेरीबोटीचं इंजिन सांभाळलेला माणूस,
बिघडलेलं फेकायचं असतं
हे त्याला कुणी शिकवलंच नाही.

मी वाचनालयातून पेनड्राइव्ह नेला. त्यात लिनक्स.
दुपारभर पट्टी सरकताना पाहत बसलो.
तो मधूनच यंत्राला कान लावायचा,
म्हणायचा, 'पंख्याचं बेअरिंग कोरडं आहे, पोरी.'

नाव विचारलं, त्याने नाव दिलं.
परवलीचा शब्द विचारला तेव्हा म्हणाला,
'रोसालबा, जरा चूल बघ.'
मी चूल बघितली.
चुलीला काही झालं नव्हतं.

मग यंत्र विझलं, पुन्हा उठलं,
आणि पहिल्यांदाच दार समोर आलं.
वर नाव, खाली एक रिकामी चौकट.
एका बोटाने, ठिपका ठिपका, त्याने शब्द आत सोडला.
चुकीचा.
पुन्हा.
चुकीचा.
स्वतःच घातलेलं कुलूप, स्वतःचीच किल्ली,
आणि अजून तास झाला नव्हता.

'शब्द विसरलात का?'
त्याने माझ्याकडे असं पाहिलं
की पुढचा प्रश्न मी गिळला.

म्हटलं, वरच्या चौकटीत लिहून बघा, नावाच्या जागी.
तिथे ठिपके पडत नाहीत, अक्षरं दिसतात.
मी पाठ करते.

पाठ केली. समोर खिडकी, खिडकीत रात्र,
आणि रात्रीच्या काचेत उलटा पडदा.
बघायचं नाही हे ठरवायला उशीर झाला होता.

तो;इता

उलटं असूनही वाचता आलं.
या गल्लीत कुणालाही आलं असतं.
तोन्यिता. धाकटी. अकरा वर्षांपूर्वी
रिओ गायेगोसला गेली,
बापाच्याच फेरीबोटीतून, बापाशी न बोलता.
तेव्हापासून या घरात तिचं नाव ओठांवर आलं
की माणसं बटाट्याचा भाव विचारतात.

मधलं अक्षर तेवढं फुटलं होतं.
डोक्यावर लाट असलेला आमचा न,
त्याच्या जागी कुठलासा परका अर्धविराम.
'कीबोर्ड इंग्रजी धरून बसलाय,
आपला न त्याला येत नाही,' मी खिडकीला सांगितलं,
आणि सांगून झाल्यावर कळलं
आपण काय कबूल केलं ते.

चुलीतलं लाकूड खचलं.
तो बराच वेळ गप्प.

'दुसरा शब्द घेता येईल,' मी म्हणाले,
'सोपा. बोटीचं नाव, काहीही.'

'शब्द राहू दे,' तो म्हणाला.
'कीबोर्ड बदल.'

पडद्याच्या कोपऱ्यात दोन बारीक अक्षरं होती. ती दाबली.
यादीतून स्पॅनिश काढली.
या वेळी मी पाठ केली नाही.
त्यानेही सांगितलं नाही.
सहा ठिपके.
उघडलं.

आत काही नव्हतं. निळं, सपाट,
भरती येण्याआधीच्या खाडीसारखं.
'इंजिन कुठंय?' त्याने विचारलं,
म्हणून टर्मिनल उघडून दिलं.
काळ्यावर पांढरं त्याचं नाव,
आणि नावाच्या पुढे
एक छोटी लाट. नुसती.

'हिच्याखालचा न कुठे गेला?'
'ही वेगळी खूण आहे,' मी म्हटलं,
'म्हणजे तुम्ही घरी आहात.'

त्याने बोटाने ती लाट पुसून पाहिली, काचेवरून.
गेली नाही.

'आणि दुसऱ्या कुणाला आत यायचं असलं तर?'

'तिचं नाव घालावं लागेल,' मी म्हणाले.
तिचं म्हणाले.

तो किटली उतरवायला उठला.
पाणी केव्हाच आटलं होतं.